नाल्याच्या गाळातून सोन्याचा माग : ब्लेग चाचणी, चाळण्या आणि पॅन यांचा एका हंगामाचा अनुभव

गेल्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर नाल्यांचे पाणी ओसरल्यापासून होळीनंतर ऊन असह्य होईपर्यंत, आमच्या लहानशा पथकाने पूर्व विदर्भातील एका सोने-शोध प्रकल्पासाठी नाल्यांच्या गाळाचे नमुने गोळा केले आणि ते एका खासगी प्रयोगशाळेकडे ‘ब्लेग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे मोठ्या नमुन्यातील सोने रासायनिक द्रावणात उतरवून मोजण्याच्या, चाचणीसाठी पाठवले. हे परीक्षण प्रामुख्याने त्या सेवेचे आहे. मात्र प्रयोगशाळेतून येणारा आकडा तिथे पोहोचलेल्या नमुन्यापेक्षा चांगला असू शकत नाही, त्यामुळे नमुना घेण्यासाठी आम्ही विकत घेतलेल्या चाळण्या आणि पॅन, म्हणजे गाळ पाण्यात हलवून जड खनिजे वेगळी करण्याच्या पसरट थाळ्या, यांच्याविषयीही लिहिणे मला आवश्यक वाटते. प्रयोगशाळेचे नाव मी देत नाही, आणि क्षेत्राची माहिती परवानाधारकाच्या मालकीची असल्यामुळे गावांची नावेही देत नाही.

माझे मत आधीच सांगतो. ही सेवा घेण्याजोगी आहे, परंतु पूर्ण दोन किलो गाळ खरोखरच द्रावणात घातला जाणार असेल आणि तो गाळ नाल्यावरच बारीक चाळलेला असेल, तरच तिच्यावर खर्च करावा. या दोन अटी पाळता येत नसतील, तर दरपत्रकात ठळक अक्षरांत छापलेल्या ०.१ पीपीबीच्या (पीपीबी म्हणजे अब्ज भागांतील एक भाग) डिटेक्शन लिमिटसाठी, म्हणजे चाचणीला ओळखता येणाऱ्या सर्वांत कमी प्रमाणासाठी, एक रुपयाही जास्त देऊ नये.

नाल्याच्या गाळाकडे सोने शोधणारे लोक का वळतात, हे वेगळे सांगण्याची फारशी गरज नाही. पाणलोटात कुठेही सोने असलेला खडक झिजत असेल, तर त्याची माती पावसाबरोबर नाल्यात येते आणि नाल्याच्या तोंडाशी घेतलेला एक नमुना वरच्या संपूर्ण क्षेत्राविषयी काही ना काही बोलतो. गदग भागात कप्पतगुड्डाच्या डोंगरांतून पावसानंतर वाहणाऱ्या ओढ्यांत सोने धुणारे जालगार याच आधारावर पोट भरत असत. आपल्याकडे सराफ कट्ट्याच्या गटारातील माती धुऊन सोन्याचा कण वेगळा काढणारे झारेकरीही हेच तत्त्व वापरतात. सोन्याची घनता १९.३ आणि गारगोटीची २.६५ असल्यामुळे पाण्यात हलवलेल्या मातीत सोने तळाशी राहते, ही त्या कलेची गुरुकिल्ली. पूर्व विदर्भात हा प्रयत्न करण्यास कारणही आहे. साकोली शिलासमूहाच्या पट्ट्यात नागपूर जिल्ह्यातील परसोडीच्या परिसरात सोन्याची नोंद झालेली आहे आणि कुही-खोबना भागातील टंगस्टनही भूवैज्ञानिकांना परिचित आहे. केंद्रीय खनिज कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सोन्यासह २९ खनिजांसाठी स्वतंत्र शोध परवान्याची सोय केली आहे. त्यामुळे अशा प्राथमिक सर्वेक्षणांची संख्या वाढेल, आणि ती करणाऱ्यांना हा अनुभव उपयोगी पडेल अशी आशा आहे.

ब्लेग हे इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे रूप आहे. मोठ्या नमुन्यातून द्रावणाने काढता येणारे सोने मोजणे, असा त्याचा अर्थ. न्यूमाँट कंपनीने ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस ही पद्धत विकसित केली. इंडोनेशियातील सुंबावा बेटावरचा बातू हिजाऊ हा तांबे-सोन्याचा प्रचंड साठा १९९० मध्ये हाती लागला, तेव्हा त्याचा पहिला सुगावा दाट जंगलातील ओढ्यांच्या गाळाने दिला होता. पद्धत समजायला सोपी आहे. दोन ते पाच किलो गाळ मोठ्या बाटलीत घालतात, त्यात चुन्याने किंवा कॉस्टिक सोड्याने सामू दहाच्या वर ठेवलेले सोडियम सायनाइडचे विरल द्रावण ओततात आणि ती बाटली रुळांवर चोवीस तास किंवा अधिक काळ फिरवत ठेवतात. सोने द्रावणात उतरते, त्यानंतर सेंद्रिय द्रावक किंवा सक्रिय कोळसा वापरून ते एकवटतात आणि आयसीपी-एमएस या अत्यल्प धातू मोजणाऱ्या उपकरणावर मोजतात. नेहमीच्या फायर ॲसेमध्ये याउलट फक्त ३० किंवा ५० ग्रॅम पूड शिशाच्या संयुगाबरोबर मुशीत वितळवली जाते, सोने शिशाच्या गोळीत गोळा होते आणि शिसे तापवून काढून टाकल्यावर मागे राहिलेला कण मोजला जातो. फायर ॲसे ही जुनी, विश्वासार्ह आणि खाणीच्या खनिजासाठी अत्यंत योग्य पद्धत आहे. नाल्याच्या गाळासाठी तिची अडचण निराळी आहे, आणि ती या सगळ्या विषयाच्या मुळाशी असल्यामुळे तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

एक पीपीबी म्हणजे एका टनात एक मिलिग्रॅम. शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या व्यासाचा शुद्ध सोन्याचा गोल कण घेतला, तर त्याचे वजन साधारण १० मायक्रोग्रॅम भरते. ज्या गाळात सरासरी ५ पीपीबी सोने आहे, त्याच्या ३० ग्रॅममध्ये सोने असते अवघे ०.१५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अशा एका कणाच्या सदुसष्टाव्या भागाएवढे. कणाचे सदुसष्ट तुकडे होऊन ते ३० ग्रॅमच्या सगळ्या पुड्यांत सारखे वाटले जात नाहीत. सदुसष्टांपैकी साधारण एका पुडीत तो अख्खा कण येतो आणि ती पुडी ३३० पीपीबींच्या आसपास आकडा दाखवते, तर बाकीच्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या निघतात. असा अहवाल हाती आला की अनुभव नसलेला माणूस त्या एका आकड्याच्या मागे महिनाभर धावतो, आणि ज्या नाल्यात खरोखर सोने आहे पण पुडीत कण आला नाही, तो नाला नकाशावरून कायमचा पुसला जातो. यांपैकी दुसरे नुकसान मला अधिक गंभीर वाटते, कारण ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्यातील क्लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये या प्रश्नाचे गणित मांडले. नमुन्यात सोन्याचे किमान वीस कण असावेत, म्हणजे मिळालेला आकडा बहुतेक वेळा खऱ्या मूल्याच्या पन्नास टक्के मागेपुढे राहील, असे त्यांनी दाखवले. हा नियम वरच्या उदाहरणाला लावून पाहा. कण १०० मायक्रॉनचे असतील तर ५ पीपीबीच्या गाळात वीस कण मिळवण्यासाठी तब्बल ४० किलो नमुना लागेल. कण ३० मायक्रॉनचे असतील, तर प्रत्येकाचे वजन पाव मायक्रोग्रॅमच्या किंचित वर असल्यामुळे एक किलोहून थोडा अधिक नमुना पुरेल. म्हणजे नमुना मोठा असणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्यातून जाड भाग वगळून बारीक भाग ठेवणे महत्त्वाचे. दोन किलोच्या ब्लेग नमुन्याचे सारे सामर्थ्य या जोडीत आहे.

डिटेक्शन लिमिट कमी असण्याला काहीच किंमत नाही, असे मात्र मी म्हणत नाही. समजा, दहा चौरस किलोमीटरच्या, म्हणजे एक हजार हेक्टरच्या पाणलोटात सोने असलेली जमीन फक्त दोन हेक्टर आहे, तिच्या मातीत एक हजार पीपीबी सोने आहे आणि उरलेल्या जमिनीत एक पीपीबी. सगळीकडची माती सारखीच झिजते असे धरले, तर तोंडाशी असलेल्या गाळात साधारण तीन पीपीबी सोने सापडेल. एक आणि तीन यांतला हा फरक ज्या चाचणीला दिसत नाही, ती चाचणी इतक्या मोठ्या पाणलोटासाठी निरुपयोगी आहे. म्हणून एका पीपीबीच्या खालचे अंतर मोजण्याची क्षमता हवीच, पण ती क्षमता ३० ग्रॅमच्या पुडीवर वापरली तर वाया जाते. दोन किलोमध्ये तीन पीपीबी म्हणजे सहा मायक्रोग्रॅम सोने. ते ३० मायक्रॉनच्या कणांत विभागलेले असेल तर कणांची संख्या वीसच्या पुढे जाते आणि तेव्हा कुठे त्या तीन या आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

हे सर्व डोक्यात ठेवूनच आम्ही ब्लेग सेवा घेतली होती, आणि नेमक्या याच बाबतीत नमुन्यांच्या पहिल्या तुकडीत आम्हाला धक्का बसला. आम्ही प्रत्येक ठिकाणाहून दोन किलोंहून जास्त चाळलेला गाळ पाठवला होता. अहवाल वेळेवर आला, त्यात सोन्याचे आकडे दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत सुबकपणे छापलेले होते, परंतु आमच्या जोड-नमुन्यांचे, म्हणजे त्याच जागेवरून मुद्दाम दुसऱ्या क्रमांकाने पाठवलेल्या नमुन्यांचे, आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. एका जोडीत एक आकडा दुसऱ्याच्या पाचपटींहून जास्त होता. चौकशी केल्यावर कळले की आमच्या मागणीपत्रात लिहिलेल्या पद्धतीच्या सांकेतिक क्रमांकानुसार प्रत्येक पिशवीतून फक्त ५०० ग्रॅम गाळ घेतला जातो. दोन किलोंची बाटली हवी असेल तर क्रमांक वेगळा आणि दरही वेगळा. त्यातही ते ५०० ग्रॅम विभाजकातून, म्हणजे नमुन्याचे सारखे भाग पाडणाऱ्या साधनातून, न काढता पिशवीच्या वरच्या थरातून चमच्याने घेतलेले होते. प्रवासात हादरे बसलेल्या कोरड्या गाळात जड खनिजे खाली सरकतात, हे लक्षात घेतले तर वरचा थर हा सगळ्यात वाईट पर्याय होता. दोष दोन्ही बाजूंचा होता, कारण दरपत्रक बारकाईने वाचण्याची जबाबदारी आमची होती. तरीही ज्या चाचणीच्या नावातच मोठ्या नमुन्याचा उल्लेख आहे, ती अर्ध्या किलोवर करताना ग्राहकाला फोन करून विचारायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

प्रयोगशाळेने हे मान्य केले आणि उरलेल्या गाळावर पूर्ण वजनाची चाचणी पुन्हा करून दिली, त्यासाठी फक्त फरकाची रक्कम घेतली. दुसऱ्या अहवालातील जोड्या समाधानकारक जुळल्या. नमुन्यांचा उरलेला भाग जपून ठेवण्याची त्यांची पद्धत नसती तर आमचा दीड महिना फुकट गेला असता, म्हणून ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवणे योग्य ठरेल. आम्ही ओळख लपवून घातलेल्या कोऱ्या नमुन्यांमध्ये, म्हणजे सोने नसलेल्या गारेच्या भुकटीत, एकदाही खोटे सोने निघाले नाही, आणि प्रमाणित नमुन्यांचे, म्हणजे सोन्याचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचे, आकडेही अपेक्षित मर्यादेत आले. उपकरणावरचे त्यांचे काम निर्दोष आहे, आणि अडचण आली ती उपकरणाच्या अलीकडे, गाळ तोलण्याच्या मेजावर.

या चाचणीच्या रसायनशास्त्राविषयीही मागणी नोंदवतानाच बोलून घ्यावे. सायनाइड फक्त उघड्या सोन्याला विरघळवते, गंधकयुक्त खनिजांच्या पोटात बंद असलेले सोने त्याला दिसत नाही. जाड कण हळूहळू विरघळतो आणि चोवीस तासांत त्याचा गाभा शिल्लक राहू शकतो. गाळात तांब्याची खनिजे असतील तर ती सायनाइड खाऊन टाकतात, आणि पानांचा कुजका भाग किंवा ग्रॅफाइट असेल तर द्रावणात उतरलेले सोने तोच पुन्हा शोषून घेतो व आकडा खोटा कमी येतो. आमच्या दोन नाल्यांवर सागाच्या पानगळीचा काळा थर होता, तिथे ही शंका खरी ठरली. त्या नमुन्यांचा द्रावण काढून घेतल्यावर उरलेला चोथा फायर ॲसेसाठी पाठवल्यावर त्यात लक्षणीय सोने निघाले. म्हणून किमान दहातील एका नमुन्याच्या चोथ्याची अशी तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. प्रयोगशाळा ती स्वतःहून सुचवत नाही, सुचवायला हवी.

आता चाळण्यांकडे वळतो. आम्ही स्टेनलेस स्टीलच्या जाळीच्या तीन चाळण्या घेतल्या : दोन मिलिमीटरची, ८० मेशची म्हणजे साधारण १८० मायक्रॉनची, आणि २०० मेशची म्हणजे ७५ मायक्रॉनची. पितळी जाळीच्या चाळण्या स्वस्त मिळतात, पण त्यातून तांबे आणि जस्त गाळात मिसळते आणि सोन्याबरोबर हीच मूलद्रव्ये तपासायची असतील तर सगळा नकाशा बिघडतो. जस्ताचा मुलामा दिलेली घमेली आणि डाग देऊन (सोल्डरने) जोडलेल्या चौकटी याच कारणाने टाळाव्यात. आमच्या चाळण्यांची जाळी चौकटीत चिकटवण्याऐवजी दाबून बसवलेली होती आणि हंगामभर ती कुठेही सैल झाली नाही. ८० मेशची चाळणी उत्तम चालली. २०० मेशची चाळणी ओल्या चिकणमातीने दर काही मिनिटांनी बुजत होती आणि ती साफ करण्यात बराच वेळ जात होता, परंतु तो दोष चाळणीपेक्षा आमच्या घाईचा अधिक होता. भरपूर पाणी आणि मऊ ब्रश असला तर ती चालते, हे शेवटी शेवटी उमगले.

ओल्या चाळणीत एक काळजी फार महत्त्वाची आहे. चाळणीखालच्या टबातील गढूळ पाणी घाईने ओतून दिले तर सोन्याचे सर्वांत बारीक कण त्याबरोबर वाहून जातात, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप तेच हातचे जातात. आम्ही प्रत्येक टब निवळेपर्यंत थांबत असू आणि मगच वरचे पाणी काढत असू. त्यामुळे दिवसाला चार, फार तर पाच जागा होत, आणि प्रकल्पाचा हिशेब पाहणाऱ्यांना हा वेग पसंत नव्हता. गाळ भरण्यासाठी मांजरपाटाच्या पिशव्या वापरल्या. त्यातून पाणी झिरपते आणि नमुना सावलीत वाळतो. मात्र २०० मेशचा बारीक गाळ मांजरपाटातूनही निसटतो, म्हणून दाट विणीचे कापड मागवावे लागले.

जागा कशी निवडावी, हा विषय उपकरणांच्या यादीत बसत नाही, पण हंगामातील सर्वाधिक शिकवण त्यानेच दिली. सोन्याचा जाड कण वाळूबरोबर वाहत नाही. पुराच्या जोरात तो सुटतो आणि पाण्याचा जोर मोडतो तिथे, म्हणजे मोठ्या दगडाच्या आडोशाला, गोट्यांच्या बेटाच्या वरच्या टोकाला किंवा तळाच्या खडकाच्या भेगेत बसतो. आमच्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ, ज्यांनी अनेक वर्षे रेती घाटावर काम केले होते, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, “भाऊ, पूर उतरला की काळी रेती त्या दगडाच्या मागंच बसते.” काळी रेती म्हणजे जड खनिजांची रेती. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या हॅरिस क्रीकवर झालेल्या अभ्यासांतून निघालेला निष्कर्ष त्यांच्या बोलण्याशी जुळतो : जाड सोने गोट्यांच्या बेटांच्या टोकाशी एकवटते, आणि कण जितका बारीक तितका हा जागेचा परिणाम कमी होतो. म्हणून पॅनसाठीचा नमुना अशा जोरकस जागेवरून घ्यावा आणि ब्लेगसाठीचा बारीक गाळ संथ जागांवरून, तीस-चाळीस मीटरच्या टप्प्यात आठ-दहा ठिकाणांहून थोडा थोडा गोळा करून घ्यावा. एकाच नमुन्यात दोन्ही हेतू साधण्याचा मोह आवरावा. आम्ही सुरुवातीस तो आवरला नाही आणि पहिल्या आठवड्याचे नमुने बाजूला ठेवावे लागले.

पूर्व विदर्भाची म्हणून काही खास पथ्ये आहेत, जी परदेशी पुस्तिकांमध्ये सापडणार नाहीत. भंडारा-गोंदियाच्या बाजूला जवळजवळ प्रत्येक नाल्यावर कुठे ना कुठे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहे. तलावाच्या पाळीखाली घेतलेला नमुना वरच्या पाणलोटाविषयी काहीच सांगत नाही, कारण वरचा गाळ तलावाच्या पोटात अडकलेला असतो. अशा ठिकाणी तलावात पाणी शिरते त्या बाजूला जाऊन नमुना घ्यावा, मग त्यासाठी दोन किलोमीटर चालावे लागले तरी चालेल. धानाच्या बांध्यांमधून जाणारा नाला असेल तर शेतातली आणलेली माती आणि खते यांचा विचार करावा. मूर्ती विसर्जनाच्या जागा टाळाव्यात, कारण सोनेरी रंगात तांबे आणि जस्त असते. स्मशानघाटाच्या खालचा गाळ तर कधीही घेऊ नये. मृताच्या मुखात तुळशीपत्राबरोबर सोन्याचा कण ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि अस्थी व राख त्याच पाण्यात जातात. त्या जागी सापडलेले सोने भूविज्ञानाचे नाही, कुणाच्या तरी घरचे आहे, आणि त्याला हात न लावणे हे नमुन्याच्या शुद्धतेइतकेच शिष्टाचाराचेही आहे.

याच कारणाने नमुना घेणाऱ्या कुणाच्याही अंगावर सोने नसावे, हा जगभर पाळला जाणारा नियम आमच्याकडे अवघड ठरला. पुरुषांनी अंगठ्या काढून ठेवल्या, परंतु गाळ चाळण्याच्या कामावर आलेल्या गावातील महिलांना मंगळसूत्र काढण्यास सांगणे मला योग्य वाटले नाही. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. मंगळसूत्र पदराखाली घट्ट खोचून त्या गाळ खणण्याऐवजी नोंदी, पिशव्या बांधणे आणि पाणी निवळण्यावर लक्ष ठेवणे ही कामे करू लागल्या, आणि आमच्या नोंदवह्या त्यानंतर जितक्या नीटनेटक्या झाल्या तितक्या आधी कधी नव्हत्या.

पॅन म्हणून आम्ही चौदा इंची हिरवे प्लास्टिकचे पॅन वापरले. पोलादी पॅन टिकाऊ असतो, पण गंजतो, आणि काळ्या रेतीतील मॅग्नेटाइट चुंबकाने काढताना तो स्वतःच चुंबकाला चिकटतो. हिरव्या पार्श्वभूमीवर सोन्याचा पिवळा आणि मॅग्नेटाइटचा काळा रंग दोन्ही स्वच्छ उठून दिसतात, आणि एका बाजूच्या खोल पायऱ्यांमध्ये जड खनिज अडकून राहते, त्यामुळे नवशिक्यालाही दोन दिवसांत हात बसतो. नव्या प्लास्टिकवर तेलकट थर असतो. तो राखेने आणि बारीक वाळूने घासून काढल्याशिवाय पॅन वापरू नये. डोक्याला लावलेले खोबरेल तेल हाताला लागते आणि हाताचे पाण्यात उतरते, मग सोन्याचे सूक्ष्म पापुद्रे बुडण्याऐवजी तरंगत निघून जातात. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब पाण्यात टाकले की ही अडचण दूर होते.

पॅनची मर्यादा उघड आहे. शंभर मायक्रॉनच्या खालचे सोने, विशेषतः चपटे असेल तर, त्यातून मोठ्या प्रमाणात निसटते, आणि दोन माणसांनी एकाच जागेवर धुतलेल्या नमुन्यांत कणांची संख्या वेगळी येते. म्हणून दर वेळी चाळलेल्या गाळाचे माप, आमच्या बाबतीत दहा लिटर, ठरलेले असावे आणि शक्यतो एकाच माणसाने धुवावे. असे असूनही पॅन जे सांगतो ते कोणतीही बाटली सांगत नाही. भिंगाखाली कण खडबडीत, टोकदार, गारेचा तुकडा अजून चिकटलेला असा दिसला तर उगम जवळ आहे. तो घासून गोल आणि चपटा झालेला असेल तर त्याने बराच प्रवास केलेला आहे. आमच्या एका नाल्यावर ब्लेगचा आकडा मध्यमच होता, परंतु पॅनमध्ये तीन टोकदार कण आले आणि अतिनील दिव्याखाली शीलाइट या टंगस्टनच्या खनिजाचे निळसर पांढरे ठिपके चमकले. त्या नाल्याच्या वरच्या अंगाला आम्ही पुन्हा गेलो, आणि आमच्या यादीत आता तो पहिल्या क्रमांकावर आहे. केवळ अहवाल वाचून तो सातव्या क्रमांकावर राहिला असता.

खर्चाविषयी थोडक्यात लिहितो. पूर्ण वजनाच्या ब्लेगचा दर आम्हाला साध्या फायर ॲसेच्या दुपटीहून जास्त पडला आणि वजनामुळे वाहतुकीचा खर्चही वाढला. परंतु एका जागेवर पोहोचणे, चाळणे, निवळणे आणि परतणे यावर होणारा खर्च या दोन्हींपेक्षा मोठा असतो, त्यामुळे चाचणीत काटकसर करून फारसे वाचत नाही. नमुन्यांची संख्या कमी करून प्रत्येक नमुना चांगला घ्यावा. दहा-पंधरा चौरस किलोमीटरच्या पाणलोटाला एक काळजीपूर्वक घेतलेला ब्लेग नमुना मला त्याच पाणलोटातील पाच घाईच्या पुड्यांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

काम सुरू करण्यापूर्वी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची राष्ट्रीय भूरासायनिक मानचित्रणाची माहिती भूकोश संकेतस्थळावरून अवश्य उतरवून घ्यावी. नकाशावर आखलेल्या एक चौरस किलोमीटरच्या चौकोनी घरांतून घेतलेला गाळ १२० मेशमधून चाळून, चार घरांचे मिश्रण करून तपासलेले हे आकडे अनेक मूलद्रव्यांसाठी उपलब्ध आहेत आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. ही योजना सोन्याच्या एकेका कणाचा पाठलाग करण्यासाठी आखलेली नाही, त्यामुळे सोन्याचा आकडा उंच असलेल्या एकट्या घरावर उडी मारण्याऐवजी सोन्याच्या सोबतीने येणाऱ्या आर्सेनिक, बिस्मथ, टंगस्टन आणि तांबे यांची घरे एकत्र वाचावीत. आम्ही पाणलोटांचा प्राधान्यक्रम याच आधारावर ठरवला आणि तो बव्हंशी खरा ठरला. कोणत्याही खासगी सेवेवर पहिला रुपया खर्च करण्याआधी हे दोन दिवसांचे काम करावे.

येत्या हंगामासाठी त्याच प्रयोगशाळेकडे मागणी नोंदवली आहे, आणि यावेळी मागणीपत्रावर मी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या आहेत : बाटलीत पूर्ण दोन किलो गाळ घालावा, वजन कमी भरल्यास चाचणी थांबवून कळवावे, द्रावणाचा अवधी अठ्ठेचाळीस तास ठेवावा, आणि आम्ही खूण केलेल्या नमुन्यांचा चोथा फायर ॲसेला लावावा. चिखलाळ नाल्यांवर ८० मेशऐवजी २०० मेशचा गाळ घेण्याचे ठरवले आहे, त्यासाठी टबांची संख्या दुप्पट केली आहे आणि दिवसाला तीनच जागा धरल्या आहेत. सागाच्या पानगळीचे ते दोन नाले पहिल्या आठवड्यातच, पाने गळायच्या आत, पुन्हा घ्यायचे आहेत.